दशांश नफ्यावर की उलाढालीवर? आधी शेताच्या कडेला जाऊन येऊ

प्रश्न : मी शाळेत शिक्षिका आहे. यजमानांचं भोसरीत छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, चार कामगार आहेत. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायबलमधल्या मलाखी संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायावर संदेश झाला की जो दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, देत नाही तो देवाला लुटतो. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला आम्ही दशांश बाजूला काढतो. पण ओढाताण होते. घराचा हप्ता, सासूबाईंची औषधं. मोठ्या गिऱ्हाइकाकडून बिल तीन-तीन महिने येत नाही, त्यामुळे गेले दोन महिने कामगारांचे पगारही दहा-बारा दिवस उशिरा झाले. गावाकडे दिराने विहिरीच्या मोटारीसाठी पन्नास हजार मागितलेत. दशांश पूर्ण पगारावर काढायचा की हातात येतो त्यावर? वर्कशॉपच्या उलाढालीवर की नफ्यावर? दिराला दिलेले पैसे दशांशात धरता येतील का? आणि मनापासून विचारते, वेदी, मेंढा, सपीठ यांचे ते जुने नियम आज आम्हाला काय सांगणार?

उत्तर :

ताई, तुमच्या प्रश्नांपेक्षा तुम्ही ओघात लिहून गेलेल्या एका वाक्यापाशी मी जास्त वेळ थांबलो. दशांश एक तारखेला निघतो आणि कामगारांचे पगार बारा तारखेला होतात. तुमच्यावर ठपका ठेवायचा म्हणून हे लिहीत नाही; बिल अडकलंय हे दिसतंच आहे. पण नियमशास्त्र, म्हणजे बायबलच्या आरंभीची मोशेची पाच पुस्तकं (उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद), तुमच्या प्रश्नाला हात घालतं ते इथून. टक्केवारीचं पुढे बघू.

अनुवादाचा 24 वा अध्याय काढा. मजूर तुझा भाऊबंद असो की गावात राहणारा उपरी, त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. लेवीयच्या 19 व्या अध्यायातही तेच : मजुराची मजुरी रात्रभर तुझ्याकडे राहता कामा नये. आपल्याकडे लघुउद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याने छोट्या पुरवठादाराचं बिल चुकतं करायला खरेदीदाराला जास्तीत जास्त 45 दिवस दिलेत. मोशेच्या कायद्यात मजुरासाठी मुदत सूर्यास्तापर्यंतची होती. ते गिऱ्हाईक तुम्हाला लटकवतं, तुम्ही नाइलाजाने त्या चौघांना, आणि त्यांच्यातला कुणीतरी किराणावाल्याला. ही उतरंड जिथे संपते तिथल्या माणसाच्या बाजूने हा नियम उभा आहे.

मराठीत एक गंमत आहे, शिकवताना मला ती नेहमी उपयोगी पडली. 'देणं' म्हणजे हाताने देणं, आणि 'देणं' म्हणजे फेडायचं राहिलेलं. 'मी त्याचं देणं लागतो' असं आपण म्हणतो तेव्हा त्यात उपकाराचा वास नसतो. हिब्रूत दानधर्माला त्सदाका म्हणतात, तो शब्दही न्याय, नीतिमत्त्व या अर्थाच्या धातूतून आलाय. मोशेच्या नियमशास्त्रातली अर्पणं वाचताना हे दुसरं 'देणं' विसरलं की सगळं पुस्तक खाटिकखान्याच्या दरपत्रकासारखं दिसायला लागतं.

लेवीयच्या 6 व्या अध्यायाची सुरुवात बघा. कुणी शेजाऱ्याची ठेव दाबली, लुबाडणूक केली, सापडलेली वस्तू लपवून शपथ खाल्ली, तर त्याने काय करायचं? मूळ रक्कम पूर्ण परत, वर पाचवा हिस्सा, आणि ती ज्याची त्याला. मग मेंढा घेऊन याजकाकडे; हे दोषार्पण. आधी शेजारी, मागून वेदी. गणनेच्या 5 व्या अध्यायात तर पुढची अडचणही सोडवली आहे : ज्याचं घेतलं तो उरला नाही आणि घ्यायला जवळचा नातलगही नाही, तर ती रक्कम याजकाला. म्हणजे ज्याचं बुडवलं त्याचा शोध संपल्यावर शेवटी मंदिराचा नंबर. 'तुझं अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर' असं येशूने डोंगरावर सांगितलं तेव्हा ऐकणाऱ्या यहूद्यांना त्यात नवं काही वाटलं नसेल.

म्हणून माझं पहिलं सांगणं : क्रम बदला. आधी चौघांचे पगार, मग मंडळीचं पाकीट. पैसे खरोखरच नसतील तेव्हा पाकीट थांबेल, पगार थांबणार नाही. आणि तुम्ही कुणाला लुबाडलेलं नाही, त्यामुळे पाचव्या हिश्शाचा नियम तुम्हाला लागत नाही. पण एकदा यजमानांना त्या चौघांना विचारायला सांगा की त्या बारा दिवसांत कुणाला व्याजाने पैसे उचलावे लागले का. लागले असतील तर ते व्याज तुम्ही भरा. मला विचाराल तर तुमच्या परिस्थितीत दोषार्पणाचा अर्थ एवढाच निघतो.

आता मलाखी. त्या संदेशाबद्दल बोलायचा मला थोडा अधिकार आहे, कारण तोच संदेश मीही दिलाय, आणि चांगला घसा ताणून दिलाय. पाळकपणाची सुरुवातीची वर्षं होती. पुढच्या रविवारी एका विधवा बाईंनी पाकीट आणून हातात ठेवलं. दोन महिन्यांनी कळलं की ते पैसे त्यांनी बचत गटातून उचलले होते, शेकडा दोन रुपये महिना व्याजाने. मी परत द्यायला गेलो तर घेईनात. म्हणाल्या, "देवाला दिलेलं माघारी कसं घेऊ?" मी गटाचे हप्ते भरले, पण पुढचे कित्येक रविवार त्या बाकावर बसलेल्या दिसल्या की माझ्या तोंडून शब्द नीट फुटायचा नाही.

त्यानंतर मी मलाखी पुन्हा वाचला, या वेळी आठव्या वचनापासून न धरता अध्यायाच्या आरंभापासून. पाचव्या वचनात देव म्हणतो की मी न्याय करायला येतोय, आणि कुणाविरुद्ध? जादूटोणा करणाऱ्यांच्या, व्यभिचाऱ्यांच्या, खोटी शपथ वाहणाऱ्यांच्या, मजुराची मजुरी दाबणाऱ्यांच्या, विधवा-पोरक्यांना छळणाऱ्यांच्या, उपऱ्याचा हक्क डावलणाऱ्यांच्या विरुद्ध. 'तुम्ही मला लुटता' हे त्यानंतर तीन वचनांनी येतं. आणि 'सगळा दशांश भांडारात आणा' यातलं भांडार म्हणजे खरोखरचं धान्याचं कोठार, मंदिराच्या आवारातल्या खोल्या. ते रिकामं पडलं की काय व्हायचं ते नहेम्याच्या 13 व्या अध्यायात आहे. नहेम्या, पारसाच्या राजाने नेमलेला यहूदाचा अधिकारी, ख्रिस्तपूर्व 445 मध्ये यरुशलेमेला आला. मध्यंतरी तो राजाकडे परत गेला आणि पुन्हा येऊन बघतो तर लेव्यांना, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाला, त्यांचे वाटे मिळालेले नाहीत, गाणारे आणि सेवक आपापल्या शेतांवर निघून गेलेत. लेव्यांना वतनी जमिनीचा वाटा नव्हता. दशांश हेच त्यांचं पोट. म्हणजे मलाखीच्या काळचा थकलेला दशांश हा थकलेला पगारच होता. त्याच वचनाच्या धाकाने कुणी आपल्या कामगारांचे पगार थकवत असेल तर मलाखीला काय वाटलं असतं, हे वेगळं सांगायला नको.

आता तुमचा मूळ प्रश्न : कशावर काढायचा? दशांश धान्यावर, द्राक्षारसावर, तेलावर आणि गुराढोरांवर होता. कळपातलं प्रत्येक दहावं जनावर काठीखालून जाताना बाजूला निघे, ते धष्टपुष्ट की मरतुकडं हे बघायचं नाही, बदलायचं नाही (लेवीय 27). सुताराच्या रंध्यावर, कोळ्याच्या जाळ्यावर, मजुराच्या मजुरीवर नियमशास्त्र दशांश सांगत नाही. ज्याच्याकडे जमीन आणि जनावरं, त्याच्यावर ती जबाबदारी होती. भूमिहीन माणूस त्या व्यवस्थेत बहुतेक वेळा घेणाऱ्यांच्या रांगेत होता. तेव्हा पूर्ण पगार की हातातला पगार, याचं उत्तर मोशेच्या तोंडी घालणं खोटेपणा होईल. वर्कशॉपच्या उलाढालीवर तर मुळीच काढू नका. त्यात लोखंडाचे, वीजबिलाचे, कामगारांचे पैसे आहेत, ते तुमचे नाहीतच.

दुसरी गोष्ट, जी संदेशांत क्वचितच ऐकू येते. अनुवादाच्या 14 व्या अध्यायातला दशांश घरच्यांनीच खायचा होता. पिकाचा दहावा हिस्सा घेऊन देव निवडेल त्या ठिकाणी जा. लांब पडत असेल तर त्याची चांदी कर, ती हातात बांध, आणि तिथे पोचलास की जिवाला वाटेल ते घे : बैल, मेंढरं, द्राक्षारस, मद्यसुद्धा. देवासमोर घरच्यांसह खा आणि आनंद कर, आणि गावच्या लेव्याला विसरू नकोस. हे वाचून एका सायंकाळी माझ्या वर्गातल्या एका आजोबांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा वाचलं होतं. तिसऱ्या वर्षी मात्र तो दशांश गावातच ठेवायचा, आणि लेवी, उपरी, पोरका, विधवा यांनी येऊन पोटभर खायचं. हे सगळं मिळून दशांश किती व्हायचे, यावर जुन्या यहूदी लेखकांतही एकमत नव्हतं. पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार योसेफस तिसऱ्या वर्षाचा वेगळा, तिसरा दशांश धरतो. सातव्या वर्षी जमीन पडीक, त्यामुळे दशांश नाही. म्हणजे 'दहा टक्के' हा सरळ आकडाही त्या ग्रंथात सरळ नाही.

आता खरा श्रीमंत भाग, आणि मला वाटतं तुमच्या घराला सर्वांत जवळचा. शेताची कड.

लेवीय 19:9-10. कापणी करताना शेताच्या कोनाकोपऱ्यातलं सगळं पीक काढू नकोस, सरवा वेचू नकोस, द्राक्षमळ्यात गळून पडलेली द्राक्षं उचलू नकोस. ते गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू दे. अनुवाद 24 त्यात भर घालतो : शेतात विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नकोस. मराठी पवित्र शास्त्रात इथे 'सरवा' हा शब्द आहे, आणि आम्ही नगर जिल्ह्यातली माणसं तो डोळ्यांपुढे बघूनच मोठी झालो. भुईमूग उपटून झाला की मातीत राहिलेल्या शेंगा बायका-पोरं खुरप्याने उकरायची. तो सरवा. मालक चांगला असेल तर बांधावर बसून सुपारी कातरायचा, नसेल तर हाकलायचा. मोशेच्या कायद्यात हाकलायची मुभाच नव्हती. बायबलमधली रूथ बवाज नावाच्या जमीनदाराच्या शेतात सरवा वेचायला जाते ती याच आधाराने. ती मवाबी, परकी, विधवा. म्हणजे यादीतल्या दोन नावांची एकच बाई. संध्याकाळी झोडपून एफाभर, म्हणजे वीसेक लिटरच्या मापाचे, जव घरी नेते.

इसवी सनाच्या 200 च्या सुमारास यहूदी गुरूंनी जो मिश्ना, म्हणजे तोंडी चालत आलेल्या नियमांचा संग्रह, संकलित केला, त्यात या कडेवर, 'पेआ'वर, एक पूर्ण प्रकरणच आहे. ते सुरू होतं ते 'ज्यांना माप नाही अशा गोष्टी' मोजून, आणि त्यात पहिली कड. माप नाही म्हणतात आणि लगेच पुढे म्हणतात, पण साठाव्या हिश्शाहून कमी नको. (धर्मशास्त्री आणि हिशेबनीस एकाच माणसात असले की असं होतं.) कड शेताच्या शेवटीच सोडायची, मधे कुठेतरी नाही. का, याची कारणं तालमूदात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथात, दिली आहेत, ती मला फार आवडतात. मधेच सोडली तर मालक कुणी नाही असं बघून आपल्याच एखाद्या गरीब नातलगाला बोलावेल आणि बाकीच्या गरिबांचं बुडेल. गरिबांना कधी सोडणार म्हणून दिवसभर ताटकळत बसावं लागेल. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटेल, याने कड सोडलीच नाही. आणि लबाड म्हणतील, 'सोडली होती की मधे.' कुणी न्यायचं ते ठरवायचा हक्क मालकाला नाही, कारण ते त्याचं नाहीच. घेणाऱ्याला हात पसरावा लागत नाही, वाकावं लागतं, पण ते कापणाऱ्यालाही लागतंच.

दशांश मोजून काढता येतो, कड मात्र कापताना सोडावी लागते. पगार झाल्यावर, खर्च झाल्यावर, उरलेल्यातून सोडता येत नाही. तुमच्या घरात ही कड कुठे असेल? मला सुचतं ते सांगतो. वर्कशॉपचं कोटेशन देताना यजमान कामगारांचा ओव्हरटाइम कुठे धरतात ते बघा. बहुतेक ठिकाणी भाव पडायला लागला की पहिली कात्री तिथे लागते. भंगार : पत्र्याचे तुकडे, सळयांचे उरलेले भाग. ते विकून येणारे पैसे कुणाचे, हे आधीच ठरवून टाका, आणि ते चौघांचे असू द्या, बक्षीस म्हणून न देता नियम म्हणून. घरी भांडी घासायला बाई येत असतील तर त्यांच्या भरपगारी सुट्ट्या वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर लिहा, त्यांना मागाव्या लागू नयेत. आणि मंडईत शेवटच्या जुडीसाठी घासाघीस करायची ती सोडून द्या. तुम्ही शिक्षिका आहात. आठवड्यातला एखादा तास कुठल्याच शिकवणीला न विकता मोकळा ठेवला, आणि गल्लीतलं कुठलंही पोर त्या तासाला येऊन बसू शकतं असं ठरलं, तर तीही कडच. पण हे सगळं एकदम करायला जाऊ नका. साठावा हिस्सा म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या आसपास, तिथून सुरुवात झाली तरी मिश्नावाले हरकत घेणार नाहीत.

वेदीच्या नियमांबद्दल तुम्ही विचारलंत. सगळे घेत बसत नाही, दोनच घेतो.

पहिला : लेवीय 5. पापार्पणाला मेंढी किंवा शेळी. ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं. तीही ऐपत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे साधारण दोन लिटरच्या मापाचं पीठ; त्यावर तेल नको, ऊद नको. आणि तिन्ही ठिकाणी शेवट एकच : त्याच्या पापाचं प्रायश्चित्त होईल. पीठवाल्याला अर्धी क्षमा असं नाही. बाळंतपणानंतरच्या अर्पणातही अशीच सवलत आहे, आणि शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो की येशूची आई पक्ष्यांची जोडी घेऊन गेली होती. म्हणजे मेंढरू परवडत नव्हतं. उलट निर्गमच्या 30 व्या अध्यायातला अर्धा शेकेल (शेकेल म्हणजे चांदीचं वजन) : वीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सारखाच, श्रीमंताने जास्त द्यायचा नाही, गरिबाने कमी नाही. आपल्या शब्दांत, हे दान नव्हे, वर्गणी. इमारतीचा रंग, वीज, सतरंज्या यासाठी सगळ्यांची सारखी वर्गणी आणि मदतीसाठी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे, असं वेगळं ठेवलं तर मंडळीतल्या निम्म्या कुरबुरी संपतील असं माझं मत आहे. ते मी कमिटीत तीन वेळा मांडलं आणि तिन्ही वेळा पुढच्या बैठकीवर गेलं.

दुसरा : शांत्यर्पण, लेवीय 7. उपकारस्तुतीसाठी जनावर कापलं तर मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही उरू द्यायचं नाही. नवसाचं किंवा स्वखुशीचं असेल तर दुसऱ्या दिवशीही चालेल, तिसऱ्या दिवशी उरलेलं जाळायचं. आता एक अख्खा बैल एका घराने एका दिवसात कसा संपवायचा? गावाकडे नवसाचं बोकड कापलेलं ज्याने बघितलंय त्याला उत्तर माहीत आहे : गल्ली बोलवावी लागते. नियम सरळ 'लोकांना जेवायला बोलाव' म्हणत नाही. तो फक्त खारवून साठवायची वाट बंद करतो.

याचा एक अंश मी आपल्याच कोकणात बघितला. अलिबागच्या बाजूला काही वर्षं होतो, तेव्हा एका बेने इस्राएल कुटुंबाने मलिद्याला बोलावलं होतं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत, तो हा मराठी बोलणारा यहूदी समाज; 1948 नंतर यातले बरेचसे इस्राएलला गेले. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गोडासाठी गूळ किंवा साखर, वेलची, सुका मेवा, सोबत फळं. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात, एलियाहू हन्नबीची, म्हणजे एलीया संदेष्ट्याची, आठवण करून प्रार्थना होते आणि लगेच सगळ्यांना वाटतात. यरुशलेमेचं मंदिर इसवी सन 70 मध्ये पडलं, वेदी राहिली नाही, मेंढे कापायचे थांबले. इथे पोह्यांच्या ताटाभोवती शेजारी जमलेले होते, त्यात मीही, एक ख्रिस्ती पाळक. घरच्या आजी मला म्हणाल्या, "खाऊनच जायचं, बांधून मिळणार नाही." त्यांनी लेवीय 7 मनात धरून म्हटलं की साधं आग्रहाने, ते त्यांनाच माहीत.

तेव्हा मंडळीत पाकीट टाकून घरी येऊन दार लावून घेण्यापेक्षा, महिन्यातून एकदा त्या चौघा कामगारांना कुटुंबासह जेवायला बोलावणं हे मला अनुवाद 14 च्या जास्त जवळचं वाटतं. तो खर्च खुशाल दशांशात धरा.

राहिले घरचे दोघं.

सासूबाईंच्या औषधांचा प्रश्न मार्कच्या 7 व्या अध्यायात येशूने निकालात काढलाय. आईबापांना उपयोगी पडलं असतं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असं जाहीर करून हात वर करणाऱ्यांना तो ढोंगी म्हणतो. औषधं आधी. यावर मला आणखी काही बोलायचं नाही.

दिराचं थोडं नाजूक आहे. अनुवाद 15 म्हणतो, तुझ्या भावाला गरज असेल तर हात आखडू नकोस, लागेल तेवढं उसनं दे. लेवीय 25 म्हणतो, व्याज घेऊ नकोस. आपण ज्याला हातउसने म्हणतो तेच. अनुवादाच्या त्याच 15 व्या अध्यायात एक चलाख ताकीद आहे : सातवं वर्ष, कर्जमाफीचं वर्ष, जवळ आलंय म्हणून मनात हिशेब करून भावाला रिकाम्या हाताने पाठवू नकोस. म्हणजे बुडण्याची शक्यता धरूनच दे. बाराव्या शतकातल्या मैमोनिदेस या यहूदी पंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यात सगळ्यांत वरची ही : माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन असं उभं करणं की त्याला पुन्हा मागावं लागू नये. विहिरीची मोटार त्या पायरीवर बसते. पण ऐपतीपलीकडे नको. पन्नास नसतील तर वीस द्या, आणि ते कधी फिरायचे ते मोकळेपणी बोलून घ्या. स्टॅम्पपेपर, सातबारा, वहिनींचे दागिने असलं काही मधे आणू नका. अनुवाद 24 मध्ये धनको गहाण आणायला घरात शिरू शकत नाही, बाहेर उभा राहतो. जातं किंवा त्याची वरची तळी तर गहाण घेताच येत नाही, कारण ते म्हणजे त्या घरचा जीव गहाण घेणं. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या, 1908 च्या, कलम 60 मध्येही कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं, घरातली भांडीकुंडी, अंथरूण जप्तीतून वगळलेली आहेत. तुमच्या दिराच्या घरातलं जातं म्हणजे ती मोटारच. आणि दिलेलं दशांशात धरायचं का? ज्या दिवशी तुम्हाला खात्रीने वाटेल की हे आता परत येणार नाही, आणि ते वाटूनही दिराशी बोलणं बदलणार नाही, त्या दिवशी धरा. तोवर ते उसने आहेत.

शेवटी तुमच्या मंडळीबद्दल. पाळकाला पगार लागतो, मी आयुष्यभर त्यावरच जगलो, म्हणून मंडळीला देऊ नका असं मी सांगणार नाही. पण गणनेच्या 18 व्या अध्यायात लेव्यांनाही मिळालेल्या दशांशाचा दशांश पुढे द्यावा लागे. आणि राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, 12 व्या अध्यायात, यहूदाच्या योवाश राजाच्या काळी यहोयादा याजक पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवतो. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून मोजतात आणि पैसे कामावर देखरेख करणाऱ्यांच्या हातून सुतार-गवंड्यांना जातात. शास्त्री एज्रा बाबेलहून निघताना चांदी वजन करून देतो, यरुशलेमेत पोचल्यावर ती पुन्हा वजन करून घेतात. तेव्हा वार्षिक सभेत तुम्ही दोन गोष्टी विचारू शकता : मंडळीच्या जमेतला किती भाग मंडळीबाहेरच्या विधवा-पोरक्यांपर्यंत जातो, आणि झाडलोट करणाऱ्या माणसाचा पगार किती तारखेला होतो. दुसरा प्रश्न आधी विचारा. मात्र त्याआधी तुमच्या वर्कशॉपचे दोन पगार वेळेवर झालेले असू देत, म्हणजे आवाज जड होणार नाही.